दोनदा धरलेली पायपीट

मंगळवार, ४ मार्च

दोनशे ग्रॅम वाढलं! कमी नाही — वाढलं. त्र्याऐंशी किलो चारशे. ढमी काट्यावरून उतरली, पुन्हा चढली, श्वास सोडून चढली. म्हणाली, "बाबा, इथली फरशी वाकडी आहे का हो?" मी काटा उचलून दाराशी नेला. तिथेही तेच. जावई म्हणाले, "आता जिन्यात ठेवून बघू." कोणी हसलं नाही.

तीन आठवडे झाले या प्रकाराला. तीस एप्रिलला इस्पितळात वजन आहे. शहात्तरच्या आत आलं तरच तिची एक किडनी काढून मला बसवणार. वर असलं तर देणाऱ्याच्याच जिवाला धोका, म्हणून तिथल्या तिथे नकार. डॉक्टरांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं — मी गिऱ्हाइकाला सांगतो ना, कापड पुरायचं नाही म्हणून, तसं.

माझ्या दोन्ही किडन्यांनी गेल्या वर्षी राम म्हटला. आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घेतो. पोरगी एक, तीच पुढे आली. मी विचारलं नव्हतं. हे मी स्वतःलाच पुन्हापुन्हा सांगतो — मी विचारलं नव्हतं.

बुधवार, ५ मार्च

यंत्राचा दिवस. चार तास. आधी वजन, नंतर वजन. अडीच किलो पाणी काढलं. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, दिवसाला पाऊण लिटरची मर्यादा आहे, तुम्ही विहीर प्यालात काय?" म्हटलं, सूप मोजायचं राहिलं. घरात दोघंही मोजूनमापून जगतोय. मी पाणी, ती कॅलरी.

गुरुवार, ६ मार्च

आज बसून नीट बघितलं, ढमी हे करते तरी कसं.

मनगटावर काळा पट्टा. तो पावलं मोजतो. फोनमध्ये ॲप. सकाळी त्यात आकडा येतो — दोन हजार पंचवीस. एवढ्या कॅलरी आज खायला मोकळीक. मग ती टपालाची पिशवी घेऊन बाहेर पडते. गल्ल्या, जिने, कुत्री. दुपारपर्यंत बारा-तेरा हजार पावलं होतात. संध्याकाळी पट्टा ॲपला सांगतो, बाई एवढी चालली, की ॲप खूश होऊन साडेचारशे आणखी देतं. झाले दोन हजार चारशे पंच्याहत्तर. ढमी तेवढंच खाते. दहानं कमी नाही, दहानं जास्त नाही. भातसुद्धा काट्यावर वजन करून.

मला आधी शंका आली होती, चोरून खाते की काय. जावयांना विचारलंही. ते म्हणाले, "बाबा, ती शेंगदाणे मोजते. एकेक." वाईट वाटलं विचारल्याचं.

ॲपमध्ये पहिल्या दिवशी माहिती भरली ती मीच शेजारी बसून. कामाचं स्वरूप विचारलं होतं. बैठं काम, थोडं हिंडणं-फिरणं, बऱ्यापैकी हालचाल, फार कष्टाचं काम. ती म्हणाली, तिसरं लावू का? मी म्हटलं, "वा गं वा! चार-चार मजले पिशवी वाहतेस. फार कष्टाचं लाव, लाजतेस कशाला!" लावलं. अभिमान वाटला होता मला.

शनिवार, ८ मार्च

पट्टा दिवसभर मीच बांधला. ढमीला सुट्टी होती, म्हटलं, बघू तर खरं काय मोजतो ते.

सकाळी तासभर पायमशीन चालवलं. पाय हजारदा खालीवर झाले असतील. पट्ट्यानं दाखवलं — अकरा पावलं! मग कोटाच्या बाहीला हातानं टाके घालत बसलो, ढुंगण न हलवता. साडेतीनशे पावलं! नात टाळ्या वाजवायला लागली, "आजोबा बसल्या बसल्या फिरून आले!" ढमी पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी.

म्हणजे पट्ट्याला माणूस दिसतच नाही. त्याला फक्त मनगट दिसतं.

रविवार, ९ मार्च

सापडलं. सापडायला नको होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पांढरा डगला शिवत होतो. त्यांनी कागदी नमुना आणून दिलेला, कुठल्याशा पुस्तकातला. मी नेहमीसारखा कडेनं खडू फिरवला, शिलाईसाठी अर्धा इंच जास्त सोडला, कापलं. शिवून मापाच्या बाहुलीवर चढवला तर — तंबू! खांदे कोपरापर्यंत. चष्मा लावून नमुन्याच्या कोपऱ्यातलं बारीक वाचलं. शिलाईची जागा यात आधीच धरलेली आहे. त्यांनी एकदा धरली, मी वरून दुसऱ्यांदा धरली. पन्नास वर्षं कात्री चालवतोय आणि ही नवशिक्यासारखी चूक!

उसवायला बसलो आणि हात थांबला.

ढमीची पायपीटसुद्धा दोनदाच धरलेली आहे! फार कष्टाचं काम असं आपण सांगितलं, तेव्हाच ॲपनं तिचं दिवसभराचं चालणं हिशेबात घेऊन सकाळचा आकडा फुगवला. आणि संध्याकाळी पट्टा तेच चालणं पुन्हा आणून ओततो. एकदा तोंडी सांगितलं म्हणून, एकदा मनगट हललं म्हणून. चालणं एकच. तिला खरं तर बैठं काम लावायला हवं होतं, आणि चालण्याचं काय ते पट्ट्यावर सोडायचं.

खडूनं कागदावर मांडून बघितलं. बैठं काम धरलं तर सकाळचे साडेबाराशे, वर पट्ट्याचे साडेचारशे. सतराशे. ती खातेय जवळजवळ पंचवीसशे. आणि काटा ढिम्म हलत नाही, म्हणजे जेवढं खर्ची पडतं तेवढंच पोटात जातंय. हे शेंबड्या पोरालाही कळावं!

उठलो. स्वयंपाकघरात गेलो. ढमी माझे बटाटे चिरून पाण्यात भिजत घालत होती — माझ्यासाठी त्यातला क्षार काढावा लागतो, दोनदा पाणी बदलून. तिच्या पाठीकडे बघितलं. जिथून कापतील ती जागा मला नेमकी ठाऊक आहे. तिचे किती कपडे शिवलेत मी! बरगडी संपते तिथून खाली चार बोटं.

"काय हवंय बाबा?"

"काही नाही. कात्री शोधतोय."

कात्री माझ्या हातातच होती.

सोमवार, १० मार्च

सांगितलं नाही. यंत्रावर चार तास पडून हाच विचार. मी गप्प बसलो तर काही पाप करत नाही — मी फक्त गप्प बसतोय. वजन उतरणार नाही, तीस तारखेला डॉक्टर नाही म्हणतील, ढमीची सुटका. कोणावर ठपका नाही. तिच्यावर तर नाहीच नाही.

आणि माझं?

सदुसष्ट वर्षं झाली की. पुष्कळ झालं.

मंगळवार, ११ मार्च

पुष्कळ झालं असं लिहिलं खरं. सकाळी ऊन मशीनवर आलं होतं, सुईत पहिल्या फटक्यात दोरा गेला. पुष्कळ बिष्कळ काही झालेलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

जावई लिफ्टची दुरुस्ती करतात. हाताला कायम वंगणाचा वास. आज कामावरून येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसले. आवाज खाली.

"बाबा, तुम्हाला मापं कळतात. जरा तिचे ते आकडे बघा ना. काहीतरी चुकतंय."

"मला काय कळणार त्या फोनमधलं!"

"तुम्हाला घड्याळाचं यंत्र कोणी शिकवलं होतं? ते उघडून बसवलंत ना?" मग थांबून म्हणाले, "मला तिचं ऑपरेशन नको वाटतं, खरं सांगतो. झोप उडालीय. पण तुम्ही गेलात तर ती जन्मभर स्वतःला खाईल. तेही नको वाटतं."

इतकं सरळ बोलणारा माणूस. आणि मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो. "बघतो" म्हणालो. बघून झालं होतं चार दिवसांपूर्वीच.

शुक्रवार, १४ मार्च

यंत्र. अंगात गोळे आले. ढमीनं संध्याकाळी ताटातला अर्धा भात पातेल्यात परत टाकला. "पोट भरलं." रुसल्यासारखी दिसली.

शनिवार, १५ मार्च

जेवताना नातीनं विचारलं, "आईची एक बाजू रिकामी झाली की ती वाकडी चालेल?"

जावई म्हणाले, "नाही गं, आत सगळं नीट बसतं."

"आणि दुसरी बिघडली तर मी देऊ का माझी?"

नऊ वर्षांची आहे. ढमी उठली आणि नळ सोडून भांडी घासत राहिली. आजही फार खाल्लं नाही तिनं.

सोमवार, १७ मार्च

ढमी पुन्हा पूर्वीसारखी जेवायला लागली. चला!

बुधवार, १९ मार्च

वाईट दिवस. यंत्रावर असताना रक्तदाब एकदम कोसळला. डोळ्यांपुढे अंधार, कानात शिट्टी. सिस्टरनी पाय वर केले, कोणीतरी नाव घेऊन हाका मारत होतं, मला ओ देता येईना. शुद्धीवर आलो तर ढमी शेजारी. खाकी गणवेशातच, टपालाची पिशवी पायाशी, अर्धी अजून भरलेली. अर्ध्या गल्ल्या टाकून धावत आली होती.

माझा हात धरून बसली. मनगटावर तो पट्टा. हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हटलं, "धावत आलीस ना, आज बक्षीस मिळेल तुला. पाचशेच्या वर." तिचं तोंड असं काही झालं की जीभ चावली मी.

डॉक्टर तिला बाजूला घेऊन बोलले. असं वारंवार व्हायला लागलं तर हृदयावर येईल म्हणे. मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलले. शिंप्याचे कान! सुई पडलेली ऐकू येते.

शनिवार, २२ मार्च

त्र्याऐंशी किलो सहाशे.

ढमी जेवण झाल्यावर ओट्याशी उभी राहून फोन बघत होती. "दोनशे दहा उरलेत," म्हणाली आणि शेंगदाण्याचा डबा काढला. एकेक दाणा तोंडात टाकत होती, औषधाच्या गोळ्या घ्याव्यात तशी. भूक नव्हती तिला. हे मला दिसत होतं. भूक नसताना माणूस कोटा का पुरा करतो?

मला वाटलं, माझ्यामुळे. मी सांगितलं नाही म्हणून पोर या आकड्याच्या मागे वेड्यासारखी धावतेय. आकडा म्हणतो खा, म्हणून खातेय. आणि एकीकडे काट्यावर चढून रोज हिरमुसतेय. तिला फसवण्याचा मला काय अधिकार? बापानं?

उद्या सांगणार. नाही — तोंडानं जमणार नाही मला. ती कामात असताना फोनमध्ये बैठं काम लावून टाकणार. आकडा आपोआप खाली येईल. मग विचारलं तर सांगेन.

रविवार, २३ मार्च

ढमी आंघोळीला गेली. फोन चार्जिंगला होता. कुलपाचा आकडा नातीचा वाढदिवस आहे, सगळ्या घराला ठाऊक आहे. तीच जागा शोधली, कामाचं स्वरूप. खाली बारीक अक्षरात आधी केलेले बदल दाखवतात. मी बारीक अक्षर आता सोडत नाही.

१२ फेब्रुवारी — फार कष्टाचं काम.

१४ मार्च — बैठं काम.

१६ मार्च — फार कष्टाचं काम.

तीनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

चौदाला तिला चूक कळली होती! कोणी सांगितली? कोणीच नाही. स्वतःच बसून उलगडली असणार. चूक सुधारली. म्हणून तर तो अर्धा भात परत पातेल्यात गेला होता. दोन दिवस ती खऱ्या कोट्यावर राहिली. आणि सोळाला तिनं ती चूक उचलून जागच्या जागी परत ठेवली.

मधे पंधरा तारीख. "दुसरी बिघडली तर मी देऊ का माझी?"

ढमीला द्यायची नाहीये.

नाही, असं नको लिहायला. ढमीला भीती वाटतेय. आणि ती कोणाला सांगू शकत नाही — मला नाही, नवऱ्याला नाही. म्हणून ॲपकडून नकार लिहून घेतेय. दाण्यादाण्यानं.

आणि मी म्हातारा स्वतःला मोठा शहाणा समजत होतो! वाटलं, मी गप्प बसून तिला वाचवतोय. दोघंही एकाच चुकीच्या आडोशाला उभे, पाठीला पाठ लावून.

न्हाणीघराचा दरवाजा वाजला. फोन होता तसा ठेवला. काही बदललं नाही.

सोमवार, २४ मार्च

यंत्र लावायच्या आधी डॉक्टरांना म्हटलं, दोन मिनिटं.

"मला किडनी नको."

त्यांनी कागद खाली ठेवला. "मुलगी नाही म्हणाली का?"

"ती कशाला म्हणेल? मी म्हणतोय."

"कारण?"

"घेणाऱ्याला कारण लागतं होय? देणाऱ्याला लागतं म्हणून ऐकलं होतं."

हसले नाहीत. म्हणाले, यादीत नाव घालू, पण चार वर्षं, पाच वर्षं, काही सांगता येत नाही. तोवर हेच यंत्र. परवाचा झटका आठवतो ना? म्हटलं, चांगला आठवतो. म्हणाले, घरी काय सांगणार? म्हटलं, खरं तेच. मीच नको म्हटलं. यात खोटं एक अक्षर नाही.

अर्ज पुढे केला. सही करताना हात अजिबात हलला नाही. पट्टा असता तर एक पाऊल दाखवलं नसतं.

मंगळवार, २५ मार्च

आज जेवायच्या आधी सांगितलं. नातीला खाली खेळायला पाठवून.

जावई आधी उसळले. "म्हणजे काय! आम्ही इथे जीव टांगणीला लावून बसलोय आणि तुम्ही परस्पर सही करून आलात?"

"माझं पोट, माझी सही."

"का पण, बाबा?" ढमी.

"मर्जी. दुसऱ्याचं उतरवून आपल्या अंगाला बेतायचं वय नाही माझं."

"मर्जी! इतके आठवडे मी मोजून मोजून खातेय, एकेक घास—"

तिथेच थांबली. कानापर्यंत लाल झाली. मी खाली बघून टेप गुंडाळत बसलो. गुंडाळून झाली तर पुन्हा उलगडून गुंडाळली. तिच्याकडे बघितलं असतं तर तिला कळलं असतं की मला कळलंय.

ती दाराशी चपला घालायच्या बाकावर जाऊन बसली आणि रडली. मोठ्यांदा, लहानपणी रडायची तशी, हुंदके गिळत. जावयांना वाटलं, दुःखानं रडतेय. माझ्या डोक्यावर खेकसले, "बघा काय केलंत!"

बघितलं मी. तिचे खांदे खाली आले होते. दीड महिना कानाला चिकटलेले खांदे. मापं घेऊन जन्म गेला, एवढं कळतं.

मला बरं वाटलं. मग आत येऊन पडलो आणि फार भीती वाटली.

शुक्रवार, २८ मार्च

यंत्र. दोन किलो आठशे. जावई माझ्याशी बोलत नाहीत, पण न्यायला आणि आणायला तेच आले. गाडीत बसवताना डोक्यावर हात धरला, दार लागू नये म्हणून.

सोमवार, ३१ मार्च

पुन्हा रक्तदाब. थोडक्यात निभावलं. घरी सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई डगला घेऊन गेल्या. आता अंगासरशी बसला म्हणाल्या.

गुरुवार, ३ एप्रिल

संध्याकाळी साडेसहा. ढमी कामावरून आली ती तडक माझ्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसली.

"एक्क्याऐंशी किलो नऊशे."

मला वाटलं, कुठल्या पार्सलचं सांगतेय.

"माझं वजन, बाबा. कामाचं स्वरूप बदललंय मी. तुम्ही नको म्हणालात त्याच रात्री." पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "तोवर सगळी जणं माझ्याकडे बघत होती. मला ‘नाही’ म्हणायला तोंडच नव्हतं, मग ‘हो’ तरी मी म्हटलं होतं की नव्हतं, माझं मलाच कळेना. भीती वाटतेच आहे. अजूनही वाटते. पण आज डॉक्टरांना एकटी भेटून आले. तुमचा तो अर्ज मागे घेता येतो. तुम्ही घेणार का, ते विचारायला आलेय."

म्हटलं, दमून आलीयेस, आधी काहीतरी खाऊन घे.

"आजचा कोटा संपला," म्हणाली.